मोडीचा भाव आधी, जुनेपण नंतर

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण माझी त्याची तयारी आदल्या संध्याकाळी मोडवाल्याच्या, म्हणजे भंगाराच्या भावाने धातू घेणाऱ्याच्या, दुकानात सुरू होते. तांब्याची मोड काय भावाने घेता, पितळेची काय, काशाची काय, एवढे तीन आकडे विचारून चिठ्ठीवर लिहायचे. वायरीचं तांबं आणि भांड्याचं तांबं यांच्या भावात किलोमागे फरक असतो, म्हणून 'भांड्याची मोड' असंच विचारायचं. दुसऱ्या दिवशी समोरचा विक्रेता सांगणार असतो, की हा डबा पेशव्यांच्या काळातला आहे. त्या पेशवाईपासून खाली उतरत आलं की गिऱ्हाईक नेहमी चढ्या भावाला अडकतं. मोडीपासून वर चढत गेलं, की दर पायरीला विचारता येतं: हे वरचे पाचशे नक्की कशाचे?

पिशवीत फार काही लागत नाही. दोरी बांधलेलं चुंबक, दहापट दाखवणारं भिंग, लटकवून वजन करायचा काटा (पन्नास किलोपर्यंतचा चालतो), नाण्यांसाठी ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा खिशातला काटा, टेप, टॉर्च, ओलं फडकं, दोन लिटर पाणी आणि सुटे पैसे. पाचशेच्या नोटा एका खिशात, शंभराच्या दुसऱ्यात. चारशेला ठरलेल्या वस्तूसाठी पाचशेची नोट बाहेर आली की सुटे कधीच नसतात. गर्दीत पाकीट मागच्या खिशात ठेवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मंगळवार पेठेतल्या त्या रस्त्याकडेला ताडपत्र्या पसरून माल मांडला जातो. जुने पाने, ड्रिल मशीन, बूट, मोबाइलचे सांगाडे आणि त्यांच्यामध्येच समया, अडकित्ते, नाणी. पहिली फेरी हात न लावता मारायची. तेवढ्यात तीन प्रकारचे विक्रेते ओळखू येतात. पहिल्याचा माल सरमिसळ असतो: पितळी गडवा, त्याच्या शेजारी मिक्सरचं भांडं, खाली कुलपं. हा मोडीच्या लॉटमधून निवडून आणतो, वजनाच्या हिशेबाने बोलतो आणि त्याच्याकडे चांगली वस्तू चुकून असते. दुसऱ्याच्या ताडपत्रीवर एकाच घरातला माल असतो. चार पातेल्यांवर एकच आडनाव दिसलं की समजायचं, वाडा पडलाय किंवा कुणी फ्लॅटमध्ये गेलंय. इथे सावकाश बसावं. तिसऱ्याकडे सगळं पुसूनपासून, काळपट-हिरवट आणि एकेका नमुन्याचे तीन-तीन नग. तोच होकायंत्राचा डबा, तीच दुर्बीण, तोच घोडा. हा मुरादाबादी पद्धतीचा, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या त्या पितळकामाच्या शहराच्या धर्तीचा, नवा माल असतो. शोभेला वाईट नाही, पण त्याला जुन्याचा भाव द्यायचा नाही.

वस्तू हातात आली की पहिलं चुंबक. पितळ, तांबं, कासं कशालाच चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. मात्र चिकटलं नाही म्हणजे पितळच, असंही नाही. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम चुंबकाला दाद देत नाही आणि वरून पितळेसारखं रंगवता येतं. त्यासाठी बुडाला, जिथे दिसणार नाही अशा जागी नखाएवढा ओरखडा बघायचा: पिवळा आला तर पितळ, राखाडी आला तर ठेवून द्या. कासं ओळखायला आवाज. वाटी पाच बोटांच्या टोकांवर तोलून कडेला लाकडाने टिचकी मारली की नाद लांबत जातो. पितळेचा नाद लवकर मरतो. काशात तडा असेल तर 'थड' असा बसका आवाज येतो. तडा गेलेलं कासं घेऊ नये, कारण तांब्यात कथील जास्त असल्यामुळे ते वाकत नाही, फुटतं, आणि जोडून पूर्वीसारखं होत नाही.

ओलं फडकं हिरव्या रंगासाठी. वर्षानुवर्षं दमट जागी पडून आलेला हिरवा थर खाचेत बसलेला असतो, एकाच रंगाचा नसतो आणि ओल्या बोटाने निघत नाही. रसायनाने चढवलेला सगळीकडे सारखा, पोपटी, आणि फडक्यावर उतरतो. शिवाय झीज कुठे आहे ते बघायचं. हात जिथे लागतो तिथे, म्हणजे कडी, काठ, झाकणाची मूठ इथे ती हवी. अडकित्त्याच्या पात्याला झीज नाही आणि नक्षीतला घोडा मात्र गुळगुळीत, असं कसं होईल?

मराठी घरातल्या भांड्यांचं वय सांगायला त्यांच्यावरचं नाव फार उपयोगी पडतं. लग्नात, मुंजीत, बारशाला आलेल्या भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. जुनं नाव पंचाने ठिपका ठिपका ठोकून घातलेलं असतं. टॉर्च आडवा धरला की प्रत्येक ठिपक्याची सावली दिसते आणि पातळ पत्र्यावर आतल्या बाजूने फोड जाणवते. पुढे विजेच्या यंत्राने नाव घालणं आलं, त्याची रेघ सलग आणि थरथरती असते. अक्षरावरून नख फिरवायचं. घासून घासून वापरलेल्या भांड्याच्या ठिपक्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात. नख अडकत असेल, कडेला धातूचा कंगोरा असेल, तर नाव अलीकडचं. सन इसवीतला नसेल तर शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो: शके १८४० म्हणजे १९१८. वजनमापांना आणखी एक खूण आहे. १ एप्रिल १९६२ पासून वजनांत मेट्रिक पद्धत सक्तीची झाली, त्यामुळे शेराची वजनं त्याआधीची. शेर म्हणजे ८० तोळे, ९३३ ग्रॅमच्या आसपास. वजन काट्याला लावून बघायचं, त्याच्या बुडाच्या खळग्यात शिसं भरलेलं असतं आणि त्यावर तपासनिसाचे शिक्के. शिसं निघून खळगा रिकामा असेल तर वजन कमी भरणारच. धान्याची मापं संचात मिळाली तर एकमेकांत ओतून पाहावीत: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बाजारातले बहुतेक 'संच' दोन-तीन घरांतले एकत्र केलेले असतात आणि हिशेब जुळत नाही.

आता बंबाकडे येतो, कारण आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब ही या बाजारातली सगळ्यात लबाड वस्तू आहे. बाहेरून झळझळीत आणि आतून गेलेला, असे दहातले निम्मे तरी असतात.

बंब म्हणजे दोन नळकांडी. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. खाली लोखंडी जाळी आणि राखेची जागा, वर झाकण आणि धुराडं, बाजूला पितळी तोटी आणि उचलायच्या दोन कड्या. आधी झाकण काढून मधल्या नळीत टॉर्च सोडायचा. नळी जिथे खालच्या बुडाला मिळते तो सांधा पहिल्यांदा जातो, कारण तिथे आतून विस्तव, बाहेरून पाणी आणि वरून राख बसते. ओली राख तांबं खाते. बोट घालून तिथला पत्रा दाबायचा. वरच्या भागापेक्षा मऊ लागला, आत दबला, तर नळी पातळ झालेली आहे आणि एखाद्या हिवाळ्यातच भोक पडेल.

मग बाहेरचे सांधे. जुन्या तांबट कामात पत्र्याच्या कडेला दाते पाडून ते एकमेकांत अडकवतात आणि टाकणखार लावून पितळी झाळ देतात, म्हणजे पितळ वितळवून सांधा भरतात. घासल्यावर तांबूस अंगावर पिवळी नागमोडी रेघ दिसते. ही रेघ असली की भांडं हाताने घडवलेलं. त्याच अंगावर मठारकामाचे, म्हणजे हातोड्याच्या ठोक्यांचे, ओळीत बसलेले चट्टे असतात. पुण्याच्या तांबट आळीत हे काम अजून होतं, त्यामुळे मठारलेलं म्हणजे जुनंच, असं धरू नका. चट्ट्यांवरची झीज बघा. पिवळ्या रेघेऐवजी करडी-पांढरी रेघ दिसली तर तिथे नंतर शिशा-कथलाचा डाग, म्हणजे वितळवून लावलेला जोड, दिलेला आहे. एखादा डाग चालतो. बुडाभोवती सगळीकडे डाग असेल तर बंब कधीतरी पाण्याशिवाय पेटवला गेलाय. आत पाणी असेपर्यंत सांधा शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी नसलं की काही मिनिटांत डाग वितळतो, कारण तो दोनशे अंशांच्या आतच मऊ पडू लागतो.

पाण्याची परीक्षा बाजारातच करावी. विक्रेते कुरकुरतात, पण करू देतात. दोन लिटर पाणी ओतून बंब एका बाजूला कलता धरायचा, मिनिटभर थांबायचं, मग दुसऱ्या बाजूला. खाली वर्तमानपत्र पसरलेलं असलं की ओल लगेच कळते. तोटी फिरत नसेल तर जोर लावू नये. तोटी तुटत नाही, तिच्या मुळाशी पत्रा फाटतो. 'चालू आहे, जरा जाम आहे' याचा अर्थ घरी नेऊन रॉकेल लावून रात्रभर ठेवावी लागेल, आणि तेवढे पैसे कमी करायचे. आत पांढरा खडकासारखा थर असेल तर तो क्षारांचा. त्याने गळती झाकली जाते, म्हणून जाड थराच्या बंबाला पाण्याची परीक्षा पुरी पडत नाही. थर काढल्यावर गळू शकतो हे गृहीत धरूनच भाव करावा.

भाव असा. काट्याला लावून बंब समजा ९.२ किलो भरला. लोखंडी जाळी वेगळी काढून तोलली, १.४ किलो. तोटी आणि कड्या पितळेच्या, अंदाजे ८०० ग्रॅम. राहिलं ७ किलो तांबं. चिठ्ठीवर तांब्याची मोड ७०० आणि पितळेची ४५० असेल तर ४,९०० अधिक ३६०, म्हणजे ५,२६० रुपये. जाळीचे चाळीस-पन्नास. हा तळ. यापेक्षा कमी विक्रेता देणार नाही, कारण पलीकडच्या मोडवाल्याकडे त्याला एवढे मिळतातच. फक्त क्षाराचं वजन तांब्यात धरलेलं नाही ना, एवढं बघायचं. जुन्या बंबात ते किलोभरही निघतं. तळाच्या वर मग घडणीचे, नावाचे, न गळण्याचे पैसे.

बोलणं साधारण असं होतं.

"काका, केवढ्याला?"

"बारा हजार. असा पीस मिळणार नाही."

"तांबं सात किलो भरतंय. बुडाला डाग आहे. सहा देतो."

"सहात तर मोडीत जाईल, भाऊ."

"मोडीत सव्वापाच जाईल. आत्ताच तोलला ना आपण."

यानंतर गप्प बसायचं. आकडा दोघांच्याही समोर असल्यामुळे आरडाओरडा होत नाही, आणि सात-साडेसातच्या आसपास गाडं थांबतं. दोष सांगताना वस्तूला नावं ठेवायची नाहीत, जागा दाखवायची. "इथे डाग आहे" म्हटलं की माणूस वाकून बघतो. "काय कचरा आहे" म्हटलं की तो वस्तू परत ताडपत्रीवर ठेवतो. सकाळी भवानीच्या वेळी पहिला भाव जरा सैल असतो, आणि संध्याकाळी जड वस्तू परत न्यायचा कंटाळा असतो म्हणून बंब, घंगाळं, पेटारे यांना उतरती वेळ बरी. नाणी, घड्याळं, छोट्या वस्तू मात्र सकाळीच. दहानंतर त्यांतलं चांगलं दुसऱ्या व्यापाऱ्याच्या पिशवीत गेलेलं असतं.

नाण्यांत चांदीचा रुपया आधी काट्यावर. राणीछाप असो की पंचम जॉर्जचा, ब्रिटिश अमदानीतल्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. झिजून ते ११.४ वगैरे होतं. जर्मन सिल्व्हरमधला (तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण, नावालाच चांदी) नकली त्याच आकाराचा केला तर दहा ग्रॅमच्या आसपास भरतो, कारण ती धातू चांदीपेक्षा हलकी आहे. वजन जुळवायला तो जाड करावा लागतो, म्हणून अस्सल रुपयाशेजारी उभा धरून जाडी बघायची. १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्याच चांदीचे असतात, त्याआधीचे सुमारे ९२ टक्के. वजन दोघांचं तेच, किंमत वेगळी, आणि विक्रेता दोन्ही एकाच ढिगात ठेवतो. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटणारच. चिकटला म्हणून नकली ठरवून टाकून देणारे पाहिलेत. 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं लिहिलेली आणि राम-सीता, हनुमान, शिव असलेली तांब्या-पितळेची 'नाणी' कंपनीने कधीच पाडलेली नाहीत. त्यांना तांदूळ ओढून घेण्याची वगैरे शक्ती असल्याच्या गोष्टीसह ती लाखांना विकायला निघतात. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळतात, आणि तीच त्यांची किंमत.

मुंबईचा चोरबाजार याहून वेगळा. भेंडी बाजारातली मटण स्ट्रीट, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेकडून चालत पंधरा मिनिटं. इथे दिवस नीट निवडायला लागतो. शुक्रवारी पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्म्याचा बाजार भरतो, तो अगदी पहाटेपासून. दुकानं बघायची तर शुक्रवार सोडून अकराच्या पुढे. पथारीवरचा माल बघायचा तर शुक्रवारी उजाडायच्या आत, टॉर्च घेऊन. पहाटे घेणारे बहुतेक स्वतःच व्यापारी असतात आणि तोच माल शनिवारी दुकानात दुपटीने दिसतो. दुकानदाराला वस्तूची जाण असते, त्यामुळे मोडीचा हिशेब इथे अर्धाच चालतो. उरलेलं अर्धं काम वस्तूचे भाग एकमेकांचे आहेत का, हे बघण्याचं.

ग्रामोफोन घ्या. पितळी कर्णा, चकचकीत चौकोनी किंवा अष्टकोनी पेटी, वर कुत्र्याचं चित्र. यातले बहुतेक सुटकेससारख्या जुन्या पोर्टेबल यंत्रातली मोटार काढून नव्या पेटीत बसवलेले असतात. पेटी उलटी करून स्क्रू बघा. डोक्यावर फुलीची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला, १९१० च्या म्हणवणाऱ्या यंत्रात तो असायचं कारण नाही. कर्ण्याला जोडणारं कोपर जाडजूड आणि नव्या पितळेचं असेल, टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, निकेलचा असेल, तर दोघांची भेट अलीकडची. चित्र लाकडात मुरलेलं आहे की वरून चिकटवलंय, ते भिंगाने कडेला दिसतं. तरीही मोटार चांगली असेल तर गाणी ऐकायला घ्यायला हरकत नाही, फक्त मोटारीचा भाव द्या. चावी पूर्ण भरून दहा इंची रेकॉर्डची एक बाजू, म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटं, वेग न मंदावता निघाली पाहिजे. रेकॉर्डखाली कागदाची पट्टी अडकवून मोबाइलवर तीस सेकंद लावा: ३९ फेरे आले की ७८ चा वेग बरोबर. मध्येच 'धप्प' असा धक्का बसत असेल तर स्प्रिंगवरचं वंगण सुकलेलं आहे. उघडून, धुऊन पुन्हा ग्रीस भरायला लागेल. लोखंडी सुई एका बाजूला एकच. तीच सुई वापरत राहिलं तर ती रेकॉर्डची खाच खरवडते. ७८ च्या रेकॉर्डी लाखेच्या असतात, त्या स्पिरिटने पुसल्या की लाख विरघळते आणि गाणं जातं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, लेबल कोरडं.

मनगटी घड्याळांत एचएमटीची दुकानंच्या दुकानं भरलेली दिसतात. १९६१ साली बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या साह्याने सुरू झालेली ही घड्याळं आता पूर्वीसारखी बनत नाहीत, त्यामुळे मागणी आहे, आणि मागणी आहे म्हणून डायली रंगवणारेही आहेत. जगभरचे घड्याळवेडे अशा पुन्हा रंगवलेल्या नगांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आपल्या गावाची ही कीर्ती. गुलाबी, केशरी, चट्ट्यापट्ट्याची डायल दिसली की भिंग लावा. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेघा कडेला समान अंतरावर नाहीत, 'जनता'तल्या शिरोरेषेला तुटक रंग: ही रंगवलेली. केस खूप पॉलिश केली की तिच्या कडा गोल होतात, त्या परत येत नाहीत. मागचं झाकण उघडून दाखवत नसेल तर पुढचं दुकान.

भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला कान लावायचा. टिक आणि टक यांतलं अंतर सारखं हवं. लंगडत असेल तर कधी नुसतं सरळ टांगलेलं नसतं, कधी यंत्र झिजलेलं असतं. घड्याळ थोडं डावी-उजवीकडे कलवून ठोका सुधारतो का बघा. सुधारला तर फुकटचा दोष. मागच्या फळीवर वापरात नसलेली स्क्रूची भोकं असली तर यंत्र दुसऱ्या पेटीतलं आहे. टोल चुकीचे पडतात ही तक्रार मात्र किरकोळ. काटे फिरवून ते जुळतात.

रविवर्मा छापखान्याची चित्रं प्रत्येक दुसऱ्या दुकानात असतात. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि तिथलं काम दगडावरच्या छपाईचं. दहापटीच्या भिंगाखाली त्यात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, दाणेदार, एकमेकांवर चढलेले दिसतात. ऑफसेटच्या नकलेत ठिपके रांगेत, छोट्या फुलासारखे मांडलेले दिसतात. काचेच्या आतून बघून समाधान मानू नका. फ्रेम जुनी आणि चित्र नवं ही जोडी सर्रास असते. लाकडी फर्निचरसाठी जोगेश्वरीचा ओशिवऱ्याचा बाजार. तिथे एकच सांगतो, खण पूर्ण बाहेर ओढून खालून बघा. हाताने कापलेले सांध्यांचे दाते कमी-जास्त असतात, तळाला प्लायवूड किंवा स्टेपलच्या पिना निघाल्या तर कपाटाचं दर्शनी तेवढं जुनं. भुंग्याची भोकं काळपट असतील तर चालेल, खाली ताजी पिवळी भुकटी पडत असेल तर तो भुंगा तुमच्या घरच्या दारांपर्यंत येईल.

काही वस्तूंना हातच लावायचा नाही. हस्तिदंताचा करंडा, वाघनख जडवलेलं पदक, सांबराचं शिंग, आजोबांचं म्हणून कितीही गोड सांगितलं तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांची खरेदी-विक्री बंद आहे. १०० वर्षांहून जुनी वस्तू ही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. मूर्ती, चित्र, सचित्र पोथी यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, आणि त्यांचा धंदा करायला परवाना. दुकानदाराकडे नोंदणीचा कागद मागायचा. मूर्तीच्या पाठीला प्रभावळ उपटल्याची ताजी खूण असेल, पायाशी छिन्नीचे चकाकते घाव असतील, तर ती कुठल्यातरी देवळातून आलेली आहे. तिथून उठून चालू लागायचं. अमेरिकेतल्या भाच्याला जुनी समई पाठवायची असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यायला हवा. विमानतळावर बॅग उघडल्यावर 'आजीची आहे' हे पुरत नाही.

घरी आणल्यावरचं पहिलं काम म्हणजे काहीही न घासणं. नाणी तर कधीच नाही. घासलेल्या नाण्याची चमक संग्राहकाला लांबून कळते आणि किंमत तिथेच पडते. पितळ-तांब्याला चिंच आणि मीठ पुरतं, पण नंतर आंबटपणा पूर्ण धुऊन लगेच कोरडं करायला हवं, नाहीतर चार दिवसांत खाचांतून हिरवं उगवतं. नव्या पद्धतीच्या शोभेच्या पितळेवर लाखेचा पारदर्शक थर असतो, त्यावर चिंच कितीही चोळली तरी काही होत नाही.

ज्यात शिजवायचं त्या पातेल्याला कल्हई, म्हणजे आतून कथलाचा थर, हवी, आणि इथे एक गोष्ट हमखास बिघडते. कथील वितळतं २३२ अंशांना. शिशा-कथलाचा डाग त्याच्या आधीच वितळतो. डाग दिलेलं पातेलं कल्हईवाल्याच्या भट्टीवर गेलं, त्याने नवसागर टाकून फडकं फिरवलं, की कल्हई चढते आणि डाग निसटून भोक उघडं पडतं. दोष कल्हईवाल्याचा नसतो. म्हणून कल्हईला द्यायच्या आधी बूड उजेडात धरून करड्या रेघा शोधायच्या, आणि असल्या तर तांबटाकडून आधी पितळी झाळ मारून घ्यायची. तसंही शिशाच्या डागाच्या भांड्यात आमटी-कढी शिजवायची नसतेच. कल्हईवाल्याचं कथील कांडीतून वाकवून बघा: शुद्ध कथील वाकताना कुरकुरतं. आवाज आला नाही आणि कांडी कागदावर पेन्सिलीसारखी रेघ ओढत असेल तर त्यात शिसं मिसळलेलं आहे.

बंबाचे क्षार काढायला लिंबूसत्त्व, लिटरला तीसेक ग्रॅम, कोमट पाण्यात. दोन तास ठेवून ओतून द्यायचं, थर जाड असेल तर पुन्हा ताज्या पाण्याने. एकदाच भरपूर घालून रात्रभर ठेवलं तर ते तोटीचं पितळही खातं. मग काठोकाठ पाणी भरून कोरड्या फरशीवर एक रात्र. सकाळी फरशी कोरडी असेल तर पहिला जाळ करायचा, तोही आधी पाणी भरून, मग नारळाच्या शेंड्या टाकून. विझवताना उलट: विस्तव पूर्ण गेल्याशिवाय शेवटची बादली काढायची नाही.